माकडाच्या वर्षाचा दादा

छुंगजूच्या जुन्या बाजारात जाऊन "प्योंचं रजयांचं दुकान कुठं?" असं विचारलंत, तर समोरचा क्षणभर गोंधळेल. मग म्हणेल, "हां, दादांचं होय!" आणि नुसतं बोट न दाखवता चार पावलं सोबत येईल. प्यो जोंगदे या गृहस्थाला बाजारात कुणी नावानं हाक मारत नाही. भाजीवाल्यापासून पार टोकाच्या चपलावाल्यापर्यंत सगळ्यांचा तो दादा.

दादा व्हायला जे जे लागतं ते सगळं त्याच्याकडे होतं. डोक्यावर पांढरेशुभ्र केस, ताठ पाठ आणि बोलण्याआधी जरा थांबायची सवय. गाडी आडवी लावण्यावरून दोघं हमरीतुमरीवर आले की जोंगदे दुकानाच्या दारात येऊन नुसता खाकरायचा. निम्मं भांडण तिथंच मिटायचं. जेवायला बसल्यावर त्यानं चमचा उचलल्याशिवाय कुणी वाडग्याला हात लावत नसे. कुणाची आई गेली, तर हा पठ्ठ्या शेवटचा माणूस उठेपर्यंत प्रेताजवळ बसून राही आणि घरच्यांना दोन घास खायला लावी. न्यायानं बोलायचं तर दादापण त्यानं मनापासून निभावलं. फक्त ते त्याचं नव्हतं.

आमच्याकडे दोन माणसं पहिल्यांदा भेटली की हवापाण्याच्या आधी एकमेकांचं वर्ष विचारतात. आकडा नाही विचारत, प्राणी विचारतात, कारण बारा वर्षांना बारा प्राण्यांची नावं. सापाच्या वर्षामागून घोड्याचं, मग मेंढीचं, मग माकडाचं. एक शब्द कानावर पडला की कोण कुणाला दादा म्हणणार, कोण कुणाचा पेला भरणार, कोण कुणाची पिशवी उचलणार, सगळं जागच्या जागी बसतं. आणि एकदा बसलं की मरेपर्यंत हलत नाही.

जोंगदे या बाजारात आला तेव्हा त्याचा देगूमधला मोज्यांचा कारखाना बुडाला होता. मेहुण्याच्या ओळखीनं एक अंधारा गाळा मिळाला, त्यात त्यानं रजया मांडल्या. पहिल्याच संध्याकाळी शेजारी त्याला गुत्त्यात घेऊन गेले. तिघं होते. तांदळाच्या वड्यांची गिरणी चालवणारा हाम उंग्यू, बॉयलर दुरुस्त करणारा जू यंगबे आणि सुक्या माशांचा व्यापारी थाक दोंगसू. उंग्यू तिघांत मोठा, म्हणून त्यानंच विचारलं, "मी घोड्याच्या वर्षाचा. आपण?"

जोंगदे माकडाच्या वर्षाचा. म्हणजे उंग्यूहून दोन वर्षांनी लहान. तो सांगणारच होता, तेवढ्यात यंगबे मधे तोंड घालून म्हणाला, "अहो, केस बघा की यांचे! घोड्याच्या आधीचेच असणार. साप ना? सापच!"

केस तर जोंगदेच्या घरात सगळ्यांचेच तिशीत पिकायचे. पण त्यानं हसून पेला तोंडाला लावला. हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. कारखाना गेलेला, गाव सुटलेलं, जुने दोस्त रस्ता बदलून जायला लागलेले. अशा दिवसांत कुणीतरी आपल्याला वरची जागा देतंय, एवढंच त्याला त्या संध्याकाळी जाणवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडतो तर उंग्यू गरम वड्यांची ताटली घेऊन दारात उभा. "दादा, नाश्ता झाला का?" तेव्हाही सांगता आलं असतं. पण वड्या गरम होत्या आणि हाक त्याहून गरम. जोंगदेनं दोन्ही घेतलं.

एक खोटं जगवायला दहा खोटी पाळावी लागतात म्हणतात, ते काही उगीच नाही. मित्रांनी त्याची साठी थाटामाटात केली तेव्हा तो सत्तावन्नचा होता. बायको, मालसून, डोकं दुखतं म्हणून घरीच राहिली. तीन वर्षांनी खऱ्या साठीच्या सकाळी तिनं आधी दाराला कडी घातली, मग वाढदिवसाचं शेवाळाचं सूप त्याच्यापुढे ठेवलं आणि म्हणाली, "खा गुपचूप. आणि बरं का, मरावंही तीन वर्षं आधी लागेल तुम्हाला. नाहीतर लोकांना काय सांगू मी?" थाकच्या मुलीच्या लग्नाला सगळे सोलला गेले, तर तिथं भुयारी रेल्वेत पासष्टीनंतर फुकट प्रवास. उंग्यू कार्ड दाखवून ऐटीत आत गेला. जोंगदे "कार्ड घरी विसरलो" म्हणून खांबाआड तिकीट काढत बसला. यंगबे ओरडला, "दादा, म्हातारं होऊनही सरकारला पोसताय होय!" सगळे हसले. जोंगदेही हसला, पण लग्नाचं जेवण त्याला गोड लागलं नाही.

असं सगळं चाललं होतं आणि असंच चाललंही असतं, तो बर्फ पडला नसता तर.

दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी बाजार बंद. त्या दिवशी हे चौघं कुठंतरी बाहेर पडायचे. हिवाळ्यात तेग्वाल्यंगचा घाट ठरलेला, कारण तिथल्या मांडवांवर मासे थंडीत टांगून सुकवतात आणि थाकला मालाची निवड करायची असते. तो मासे बघणार, बाकीचे त्याच्या नावानं हसणार, मग चौघं मिळून वरच्या धारेवर चढणार, एकेक पेला घेणार आणि खाली उतरून माशाचं कढण पिणार. वर्षानुवर्षांचा शिरस्ता.

यंगबेच्या व्हॅनमध्ये पुढची जागा अर्थातच दादांची. उंग्यूचा उजवा गुडघा दोन हिवाळ्यांपासून बिनसलेला, पण तो बॉयलरच्या नळ्यांच्या गठ्ठ्याशेजारी पाय दुमडून मागे बसला. वर संत्री सोलून फोडी पुढे देत होता.

"अरे, तू खा की," जोंगदे म्हणाला.

"खातो हो. तुम्ही आधी."

"उंग्यूदादा, आम्हालाही सोला की एखादं," थाकनं डिवचलं.

"तुला हात नाहीत का, लेका? दादांची बोटं थंडीत आखडतात."

जोंगदेची बोटं ठणठणीत होती. त्यानं फोड तोंडात टाकली.

धारेची चढण तशी लहान मुलांनाही जमेल अशी. बुटांना काटेरी साखळ्या बांधून चौघं निघाले. अर्ध्या वाटेवर आभाळ एकदम खाली आलं. समोर रांगेनं उभ्या असलेल्या पवनचक्क्या एकेक करून पुसल्या गेल्या आणि भुरभुर सुरू झाली. उंग्यू थांबला. गुडघा चोळत म्हणाला, "दादा, मला काही हे बरं दिसत नाही. इथूनच फिरूया का?"

यंगबे आणि थाकनं जोंगदेकडे पाहिलं. खरं सांगायचं तर जोंगदेच्याही मनात तेच आलं होतं. पण फार वर्षं दादा असलेल्या माणसाला एक खोड लागते. दुसऱ्यानं काही सुचवलं की आधी नाही म्हणायचं, कारण हो म्हटलं तर ते शहाणपण दुसऱ्याचं ठरतं.

"गुडघा तुझा, आणि डोंगर उतरायचा आम्ही?" तो म्हणाला. "एवढं आलोय तर माथ्यावर एकेक पेला घेऊ आणि मग फिरू. चार कण पडले म्हणून पळायला आपण काय सहलीला आलेली शाळकरी पोरं आहोत?"

सगळे हसले. उंग्यूही हसला आणि चालू लागला. दादांचा शब्द पडला, विषय संपला.

माथ्यावर पोचले तेव्हा वाऱ्यानं पेल्यातली माक्कल्ली, म्हणजे तांदळाची दारू, पेल्यातच हिंदकळत होती. थर्मासातलं पाणी कोमट झालेलं, शेवया काही शिजेनात. कसेबसे चार घास गिळून परत वळले, आणि तेवढ्या वेळात आल्या वाटेवर एकही पाऊल उरलं नव्हतं. भुरभुर थांबून आता ढिगानं पडत होतं. गुडघ्यापर्यंत बर्फ, चहूकडे पांढरं. पवनचक्कीचं पातं डोक्यावर कुठंतरी हुंकारत होतं, दिसत मात्र नव्हतं. फोन लावून पाहिले. थंडीनं दोन मेले होते, उरलेल्या दोन्हींना रेंज नव्हती.

खोल बर्फात वाट फोडायची असते. पुढचा माणूस मांड्यांनी बर्फ रेटत जातो, मागचे त्याच्या पावलात पाऊल टाकतात. पुढच्याचा जीव जातो, मागच्याचं निभावतं. आणि पुढे कोण, हा प्रश्न आमच्याकडे कुणी विचारत नाही. धाकटा पुढे, त्याच्यामागून त्याच्याहून मोठा, असं पाळीपाळीनं. सर्वात मोठ्याला पाळी नाही. त्याची जागा शेवटी, तुडवून तयार झालेल्या वाटेवर.

थाक पुढे झाला. तो थकल्यावर यंगबे. यंगबे थकल्यावर उंग्यू.

जोंगदे मागून उंग्यूची पाठ बघत होता. इतकी वर्षं त्यानं उंग्यूचा चेहराच पाहिला होता, हसरा, जरा झुकलेला. पाठ अशी कधी पाहिलीच नव्हती. ती म्हाताऱ्या माणसाची पाठ होती. उजवा पाय दर खेपेला नीट उचलत नव्हता, बर्फात फरफटत होता, आणि जोंगदे आपला बूट त्या फरफटीत आरामात टाकत होता. उंग्यूच्या छातीतून वाजणारी शीळ वाऱ्यातही ऐकू येत होती. घोड्यानं वाट फोडायची आणि माकडानं मागून रमतगमत यायचं. उंटावरून शेळ्या हाकणारा निदान उंटावर तरी बसलेला असतो, उंटाच्या पायात पाय टाकून चालत नाही! जोंगदेचे कान थंडीनं बधिर झाले होते, तरी त्यांच्यात लाजेची धग चढलेली त्याला कळत होती.

"अरे, एक पाळी मी घेतो," तो म्हणाला.

तिघंही एकदम मागे वळले. "दादा, काय बोलताय!" यंगबे म्हणाला. "थोरल्याला पुढे घालून बर्फ फोडायला लावला असं कळलं तर बाजारात तोंड दाखवायला जागा राहील का आम्हाला?"

"तुम्ही फक्त सांभाळून या," उंग्यू धापा टाकत म्हणाला. "तुम्हाला काही झालं तर वहिनींना काय सांगू?"

जोंगदेनं पुन्हा आग्रह केला नाही. आणि लाज वाटायची ती इथं वाटते: त्याला बरं वाटलं. विचारलं, ते नको म्हणाले, आपलं काम झालं. पुढची दहा-वीस पावलं तो जवळजवळ हलक्या मनानं चालला. पुढे जायचा हक्क एकाच वाक्यात होता, मी तुमच्याहून लहान आहे या वाक्यात, आणि ते सोडून बाकी सगळं बोलून झालं होतं.

पुन्हा थाक, पुन्हा यंगबे, पुन्हा उंग्यू. या खेपेला उंग्यू फार गेला नाही. एका उंचवट्याशी तो गुडघ्यावर बसला, मग हळूच आडवा झाला, दमलेला माणूस अंथरुणावर कलंडावा तसा. त्याचे ओठ निळसर झाले होते. थाक त्याचे तळहात चोळू लागला. यंगबे "उंग्यूदादा, डोळे मिटू नका, ए उंग्यूदादा!" म्हणून गालावर चापट्या मारू लागला. उंग्यूनं डोळे उघडले, जोंगदेला शोधलं आणि म्हणाला, "माफ करा हं दादा. माझ्यामुळे तुमचा खोळंबा."

मग मात्र जोंगदेला राहवलं नाही. तो बर्फात धप्पकन गुडघे टेकून बसला.

"मी माकडाच्या वर्षाचा आहे," तो म्हणाला. "ऐका माझं. मी सापाच्या वर्षाचा नाही. कधीच नव्हतो. मी उंग्यूहून लहान आहे, दोन वर्षांनी लहान. इतकी वर्षं खोटं बोललो. मला पुढे जाऊ द्या!"

वारा होता, पण तिघांनीही ऐकलं. थाकनं यंगबेकडे पाहिलं.

"झालं," थाक म्हणाला. "थंडी डोक्यात गेली."

"असंच बरळतात म्हणे," यंगबे घाईनं म्हणाला. "आधी काहीबाही बोलतात, मग अंगावरचे कपडे काढायला लागतात. दादा, ए दादा, मी कोण सांगा बरं?"

"अरे मूर्खा, मी शुद्धीवर आहे! मी माकडाच्या..."

"हो हो, माकडाच्याच. तुम्ही म्हणाल त्याच्या." यंगबेनं त्याच्या पाठीवरची पिशवी काढून आपल्या गळ्यात अडकवली. थाकनं आपल्या पिशवीतले जादा मोजे त्याच्या हातमोज्यांवर चढवले. आणि आडव्या पडलेल्या उंग्यूनं कोपरावर रेलून आपल्या गळ्यातला मफलर सोडला आणि जोंगदेच्या गळ्यात गुंडाळायला लागला.

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं माणूस म्हणतो. जोंगदेच्या पायाखाली तर धरणीच दिसत नव्हती, नुसता बर्फ. जन्मात एकदा खरं बोललो आणि त्याची परतफेड म्हणून या म्हाताऱ्याच्या गळ्यातली ऊबही आपल्याच गळ्यात! तो मफलर ओढून काढत उठला. उंग्यूच्या गळ्याला दोन वेढे देऊन घट्ट गाठ मारली आणि ओरडला,

"गप्प बसा सगळे! मी दादा आहे की नाही?"

तिघंही दचकले. हा आवाज त्यांच्या ओळखीचा होता. "आहात," थाक पुटपुटला.

"मग दादा सांगतो ते ऐकायचं. यंगबे, उंग्यूला खांद्यावर घे. थाक, तू त्याच्यामागे. मी पुढे. जो तोंड उघडेल त्याचं थोबाड फोडीन."

कुणी तोंड उघडलं नाही. मऊपणानं मागितलं तेव्हा मिळालं नाही, खरं बोलून मिळालं नाही. ज्या खोट्यानं उंग्यूला पुढे घातलं होतं, त्याच खोट्याच्या जोरावर जोंगदेला पुढची जागा मिळाली. तो बर्फात घुसला. मांड्या पेटल्या, घाम गोठला, श्वास तोंडातच बर्फ व्हायला लागला, तरी त्यानं पाळी सोडली नाही. मागून कुणी "दादा, आता मी" म्हणालं की तो नुसता हात मागे झटकायचा. उतारावर झाडी लागली, वारा पडला, आणि अखेर मासे टांगलेल्या मांडवांच्या काळ्या रांगा खाली दिसल्या तेव्हाच तो थांबला.

कढणाच्या दुकानात बसायची जमीन खालून आच देऊन छान तापवलेली होती. मालकिणीनं उंग्यूचे पाय कोमट पाण्यात घातले. दोन वाडगी पोटात गेल्यावर त्याच्या ओठांना रंग आला, आणि मालकीण म्हणाली, "आता काही भीती नाही." तेवढं ऐकायचीच खोटी, थाकची टकळी सुरू झाली. शेजारच्या बैठकीवरचे मासेवालेही कान टवकारून बसले.

"काय सांगू तुम्हाला! आमचे दादा, अडुसष्ट वर्षांचे. बघा केस! आम्ही तरणे लोक आडवे झालो आणि हे गृहस्थ एकट्यानं बर्फ फोडत आले. मधे थंडीनं बरळायला लागले होते, स्वतःला माकड म्हणवत होते. तरी आमच्यासाठी उठले!"

"माकड?" मालकीण हसली.

"हो ना! अहो, पण त्या अवस्थेतही काळजी आमचीच. असा थोरला भाऊ मिळायला पुण्य लागतं. उद्या अख्ख्या बाजाराला सांगणार आहे मी."

मासेवाल्यांतला एकजण उठून आला आणि त्यानं दोन्ही हातांनी बाटली धरून जोंगदेचा पेला भरला. जोंगदेला पेला उचलवेना. खाली मान घालून तो म्हणाला, "अरे, पुरे आता." थाकला तो विनयही वाटला, आणि त्यानं तोही वाखाणला.

उंग्यू मधेच उठून लंगडत बाहेर गेला होता. थोड्या वेळानं जोंगदेही गेला. वळचणीखाली उंग्यू सिगारेट ओढत उभा होता. जोंगदेला पाहताच त्यानं ती झटकन मुठीत लपवली. मोठ्यांसमोर ओढत नाहीत.

"ओढा," जोंगदे म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच तो उंग्यूला अहोजाहो करत होता. "माझ्यासमोर लपवू नका. मी वर बोललो ते थंडीनं नव्हतं बोललो."

उंग्यूनं मूठ उघडली नाही.

"माहीत आहे मला," तो म्हणाला. "यंगबेच्या खांद्यावरून तुमची पाठ बघत होतो ना. अडुसष्टचा माणूस असा चालत नाही. सदुसष्टच्या माणसाचं काय होतं ते मला आजच कळलं, नाही का?"

जोंगदेला वाटलं होतं, शिव्या बसतील, एखादी थप्पड बसेल. त्याची तयारी होती. थप्पड बसली असती तर बरंच झालं असतं.

"माफ करा," तो म्हणाला. "माफ करा म्हणायलाही तोंड नाही मला. गाडीत तुम्ही गुडघा दुमडून बसायचा आणि मी पुढे पाय पसरून. तुम्ही फिरू म्हणालात आणि मी... आज तुम्ही मेला असतात माझ्यामुळे. मी आत्ता आत जातो आणि त्या दोघांना सगळं सांगतो. या वेळी पटवून देतो. उद्या बाजारालाही सांगतो."

"खबरदार!"

उंग्यूचा असा आवाज जोंगदेनं कधी ऐकला नव्हता. तो थोरल्या भावाचा आवाज होता, अगदी खरा.

"सांगून तुम्ही मोकळे व्हाल," उंग्यू म्हणाला. "रडाल, पाया पडाल, लोक चार दिवस नावं ठेवतील आणि मग म्हणतील, जाऊ दे, कबूल तरी केलं बिचाऱ्यानं. आणि मी? मी या बाजारात जन्मलो. माझ्या बापाची गिरणी. उद्या पोरंटोरं म्हणतील, हाच तो गिरणीवाला, स्वतःहून लहान माणसाला दादा दादा करत त्याच्या पिशव्या उचलत होता, इतकी वर्षं कळलं कसं नाही याला! माझ्या मुलाला तुम्हाला वाकून नमस्कार करायला लावलाय मी, दर नववर्षाला. त्याला काय सांगू? तुमची लाज तुम्ही अंगावरून झटकाल आणि ती येऊन पडेल माझ्या डोक्यावर."

आपल्या लाजेला आणखी एक मालक आहे, हे जोंगदेच्या मनातच कधी आलं नव्हतं. खोटं बोलताना उंग्यूला विचारलं नव्हतं, आणि खरं बोलायला निघालो तेव्हाही नाही.

"मग मी काय करू?" त्यानं विचारलं.

"दादा झालात ना? मग आता राहा दादा. मरेपर्यंत." उंग्यूच्या मुठीतली सिगारेट विझली होती. त्यानं ती खिशात टाकली. "मी म्हणत राहीन. चारचौघांत जराही कमी पडणार नाही, काळजी करू नका. पण माझ्या तोंडून तो शब्द निघेल तेव्हा आपल्या दोघांनाही ठाऊक असेल."

आतून यंगबेनं हाक मारली, "कुठं गेले हे दोघं म्हातारे? कढण निवतंय!"

उंग्यूनं चेहऱ्यावरून हात फिरवला, आणि रोजचा हसरा, जरा झुकलेला चेहरा पुन्हा जागेवर आला. त्यानं दारावरचा जाड पडदा एका हातानं वर उचलून धरला आणि आतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "चला दादा, आधी तुम्ही."

जोंगदे त्याच्या हाताखालून वाकून आत गेला. त्याला पाहून यंगबे उठला, थाक उठला, शेजारचे मासेवालेही सरकले आणि सगळ्यांत उबदार जागा त्याच्यासाठी मोकळी झाली. तो तिथं बसला. मान काही त्याला वर करवेना.

"दमलेत हो दादा," थाक मालकिणीला म्हणाला. "त्यांना आधी वाढा."